झालं की घरी

प्रिय अप्पा,

पेढे घ्या. तुमची सून निवडणुकीत पडली!

थोडक्यात नाही हं, चांगली सणसणीत पडले. मागच्या आठवड्यात यार्डाच्या कॅन्टीनमध्ये चिठ्ठ्या उघडल्या आणि युनियनची सुरक्षा-प्रतिनिधी म्हणून असलेली माझी गादी तिथल्या तिथे गेली. तुम्ही असतात तर मी घरी पोचायच्या आत दौंडहून फोन आला असता, "काय गं, कितीने?" म्हणून. आधी आकडा, सहानुभूती नंतर, ही तुमची पद्धत.

पडले त्याच दिवशी लिहिणार होते. पण तेव्हा डोकं तापलेलं होतं, आणि तापल्या डोक्याने लिहिलेला अर्ज साहेबाच्या टोपलीत जातो हे तुम्हीच शिकवलंत. आज मात्र राहवेना. आज दुपारी यार्डात एक गोष्ट पाहिली, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला जेवण जायचं नाही. समीरला सांगून झाली, इराला सांगून झाली. बापलेकीने ऐकून घेतलं आणि दोघंही आपापल्या कामाला लागले. त्यात काय एवढं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. या गोष्टी कळणारं आमच्या घरात तुमच्याशिवाय होतं कोण?

मी इथल्या रेल्वेत नोकरी धरली तेव्हा केवढा गहजब झाला होता, आठवतं? माझ्या बाबांनी तर अबोलाच धरला. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली मुलगी नवऱ्यामागे रॉटरडॅमला गेली, खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, वर्गात म्हाताऱ्या-कोताऱ्यांबरोबर बसून डच शिकली, इथपर्यंत त्यांना कौतुक होतं. पण त्या सगळ्याचं फळ काय, तर केशरी जाकीट घालून मालगाड्यांच्या यार्डात शंटिंग! समीरच्या ऑफिसातल्या पुण्या-मुंबईच्या बायका मला मोठ्या आशेने विचारायच्या, "म्हणजे रेल्वेचं सॉफ्टवेअर बघतेस का तू?" नाही हो, मी म्हणायचे, डबे जोडते आणि सोडते. मग त्या पटकन विषय बदलायच्या.

तुम्ही एकट्याने वेगळा प्रश्न विचारलात. "बूट कसले देतात?"

आणि पहिल्यांदा इथे आलात तेव्हा बॅगा उघडायच्या आधी, चहाच्याही आधी, दारातले माझे बूट उचललेत, उलटे केलेत आणि तळवे बघत बसलात. सासरा सुनेचे बूट हातात धरून बसलाय! मी लाजून अर्धी झाले. समीर म्हणाला, "अप्पा, अहो काय करताय?" तुम्ही त्याच्याकडे लक्षही दिलं नाहीत. अंगठ्याने तळव्याची नक्षी दाबून पाहिलीत आणि म्हणालात, "चांगले आहेत. पण टाच झिजली की बदलून मागायचे. संकोच करायचा नाही." त्या दिवशी मला वाटलं, आपल्याला सासरे नाही, उस्ताद मिळाले आहेत.

दौंडच्या यार्डात तुम्ही आधी पॉइंट्समन, मग शंटिंग मास्तर, आणि त्याच्या जोडीला कितीतरी वर्षं युनियनच्या शाखेचे सुरक्षा-प्रतिनिधी. समीर लहानपणाच्या गोष्टी सांगायचा त्यात तुम्ही फारसे नसायचाच. गॅदरिंगला आई, रिझल्टला आई, गोवर आला तेव्हाही आईच. "आमचे वडील युनियनला दत्तक गेले होते," असं तो हसत हसत म्हणायचा, पण ते हसणं वरवरचं असायचं हे तुम्हालाही ठाऊक होतं. म्हणून मला माझ्या यार्डातल्या लोकांनी प्रतिनिधीच्या जागेला उभी राहा म्हटलं, तेव्हा घरात कसं सांगावं याचीच मला धास्ती होती.

त्यांनी मला का निवडलं? माझे गुण पाहून नाही हो. ते काम दुसऱ्या कोणाला नको होतं म्हणून! दर महिन्याला सगळं यार्ड पायी पालथं घालायचं. कुठला दिवा गेलाय, कुठे खडी सरकलीय, कुठे पायवाटेवर तेल सांडलंय ते बघायचं. मॅनेजरशी बैठकीत भांडायचं, तेही कॉफी पीत, आवाज न चढवता. हेगला संसदेत रेल्वेचा काही नवा कायदा शिजत असला तर ते बाड वाचून काढायचं, कॅन्टीनमध्ये चार सोप्या वाक्यांत सांगायचं, आणि आपल्या लोकांचं म्हणणं हेगपर्यंत पोचेल असं बघायचं. कोणाला लागलं तर आधी हॉस्पिटल गाठायचं, आणि पुढे चौकशी लागली की त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसायचं. समीर म्हणाला, "लष्कराच्या भाकऱ्या आहेत या." मी ते तुम्हाला फोनवर सांगितलं तर तुम्ही खो खो हसलात. "त्याला म्हणावं, भाकऱ्याच आहेत. लष्कर उपाशी राहून कसं चालेल?"

मग सुरू झाली आपली फोनवरची शाळा. आई मागून ओरडायच्या, "अहो, बिल तिला येतंय!" आणि तुम्ही आपले मला समजावताय, साहेबाला खुर्चीत बसवून काही सांगू नकोस. खुर्चीत त्याला नुसतं ऐकू येतं. त्याला चालव. त्याच्या बुटात पाणी जाऊ दे, मग त्याला कळेल. असली विद्या कुठल्या कॉलेजात मिळते, सांगा बरं?

सगळ्यात मोठा धडा मात्र तुम्ही मला यार्डात नाही दिलात. तो दिलात इराच्या पोहण्याच्या परीक्षेत.

इथे प्रत्येक पोराला पोहण्याचं सर्टिफिकेट हवंच, सगळीकडे कालवे आणि खंदक ना! आपण वरच्या गॅलरीत बसलो होतो. शिट्टी वाजली आणि अंगात फुल पँट, फुल शर्ट, पायात बूट अशा अवतारात पोरांनी धडाधड पाण्यात उड्या मारल्या. तुम्ही ताडकन उठून उभे राहिलात. मी म्हटलं, आता हे आरडाओरडा करणार. तुम्ही टाळ्या पिटायला लागलात! "बुडणारा माणूस काय कपडे बदलून बुडतो? शाब्बास! याला म्हणतात सुरक्षा!" सगळ्या डच आयाबापांच्या माना आपल्याकडे वळल्या. इरा खाली पाण्यातून "ओपा, सित्तन!" म्हणून ओरडत होती. आजोबा, खाली बसा! तुम्हाला ते कळलं नाही, तुम्ही तिला हात हलवून दाखवलात.

ती कोरडी होऊन येईपर्यंत आपण तिथेच बसलो होतो, आणि तिथे तुम्ही मला रेकखालच्या सावलीची गोष्ट सांगितलीत.

दौंडचा उन्हाळा. यार्डात झाड नाही, छप्पर नाही. मग तुमचे लोक जेवण झालं की उभ्या मालगाडीच्या खाली, दोन रुळांच्या मधे, गमछा अंथरून आडवे व्हायचे. वर डबा, खाली सावली, मस्त झोप लागायची. गाडी हलणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असायचं. आणि एखाद्या दिवशी ती हलायची. तुम्ही ही सवय बंद करायला निघालात तेव्हा तुमचेच लोक तुमच्यावर उठले. साहेब झोपतो पंख्याखाली, आणि आमची सावली तुझ्या डोळ्यात खुपते का? ऐकेनात तेव्हा तुम्ही त्यांची नावं वर कळवलीत. आपल्याच माणसांची! पण त्याच्या आधी सोलापूरच्या डिव्हिजन ऑफिसात खेपा घालून घालून पत्र्याची एक शेड मंजूर करून आणलीत, तिच्यात एक रांजण ठेवायला लावलात.

"सवय काढून घ्यायची तर नुसती काढून घेता येत नाही वैशाली," तुम्ही म्हणालात. "एका हाताने सावली काढलीस तर दुसऱ्या हाताने सावलीच द्यावी लागते. भाषण देऊन भागत नाही."

"मग? लोक खूश झाले?"

"छे! पुढच्या निवडणुकीत मला पाडलं. शेडमध्ये बसून बेत केला त्यांनी." आणि तुम्ही इतके मनापासून हसलात की ओल्या केसांनी आलेली इराही काही न कळता हसायला लागली.

आता अप्पा, जरा भांडणाचं बोलते. रागावू नका, किंवा रागवा खुशाल.

जगाला तुम्ही सांगत हिंडलात की बारीक तक्रार लपवू नका, आज ओरखडा निघाला तर आजच सांगा. आणि तुमच्या स्वतःच्या छातीत दुखत होतं ते कोणाला सांगितलंत? मी फोनवर विचारलं, आवाज असा का येतोय, तर म्हणे, "जरा ॲसिडिटी आहे." आईंना सांगितलंत पाठ धरलीय. डॉक्टरकडे जायचं ते लग्नसराई संपल्यावर! माझ्या यार्डातल्या कोणी असं केलं असतं तर तुम्ही मला त्याच्या घरी पाठवलं असतंत. आम्हाला कळलं तेव्हा मिळेल त्या विमानाने निघालो, तरी दौंडला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. समीर तुमच्या खाटेवर बसून राहिला. त्याला तुमच्याशी काहीतरी बोलायचं होतं, कधीपासूनचं, आणि ते राहूनच गेलं. याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही. बरं वाटत नसलं की मी हल्ली लगेच हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जाऊन बसते, तो मला पॅरासिटॅमॉल घ्या म्हणून परत पाठवतो, तरी जाते. तेवढा एक सूड उगवते तुमच्यावर.

तुम्ही गेल्यानंतरची गोष्ट आता सांगते. योप तुम्हाला माहीत नाही. माझ्या पाळीतला, उंच, लाल दाढीचा, बडबड्या. त्याला एक मुलगी आहे, पोहायला शिकणारी. तिचा वर्ग शुक्रवारी दुपारी असतो.

आणि आमच्या यार्डात एक पद्धत होती. कागदावर कुठेच नव्हती, पण मी नोकरीला लागायच्या कितीतरी आधीपासूनची. शेवटची गाडी जोडून झाली की घरी. ड्युटी संपायला अवकाश असला तरी घरी. मॅनेजरला ठाऊक असायचं, तो खिडकीतून दुसरीकडे बघायचा. त्याला गाड्या वेळेआधी तयार मिळत, आमच्या लोकांना घर मिळत असे. सगळे खूश! म्हणून सगळे पळायचे. शुक्रवारी तर विचारूच नका. चालत्या डब्याच्या पायरीवरून उडी, दोन डब्यांच्या मधून वाकून पलीकडे, जोडणी तपासायची ती लांबूनच. आणि हल्ली आम्ही एकेकटेच शंटिंग करतो. पट्ट्याला रिमोट बांधलेला, त्यावरून इंजिन पुढे-मागे करायचं. जोडीला कोणी नाही.

पाऊस पडून गेलेला एक शुक्रवार. योपने पायरीवरून उडी मारली आणि त्याचा बूट पायरीत अडकला. गाडी हळू होती, तरी त्याला खडीवरून फरपटत नेलं. तो आडवा झाला तसा पट्ट्याचा रिमोटही आडवा झाला, आणि रिमोट आडवा झाला की इंजिन आपोआप थांबतं, म्हणून वाचला. मी पलीकडच्या लाइनवरून धावत गेले तेव्हा तो रुळाला पाठ लावून बसला होता आणि स्वतःच्या पायाकडे असा बघत होता, जणू तो पाय दुसऱ्या कोणाचा आहे. पहिलं वाक्य काय म्हणाला माहीत आहे? "कळवू नकोस. पोहण्याचा वर्ग आहे, मला निघायचंय."

त्या संध्याकाळी मी सवयीने दौंडचा नंबर फिरवला. घंटा वाजायला लागल्यावर मला आठवलं की तुम्ही नाही. ठेवणार तोच आईंनी उचलला.

मी रडतच सगळं सांगितलं. कळवलं तर ती पद्धत बंद करावी लागेल, आणि मग यार्डातलं कोणी माझ्याशी धड बोलणार नाही. आईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला तुमच्या यार्डातलं काही कळत नाही बाई. ते काय म्हणाले असते ते मला विचारू नकोस. पण त्यांनी त्या लोकांची नावं वर कळवली तेव्हा त्यांच्या बायका मंडईत मला बघून रस्ता बदलायच्या. मला फार लागायचं. आता वाटतं, बदलू देत की. कुंकू लावून रस्ता बदलायच्या ना!"

अप्पा, आईंच्या कपाळावर तेव्हा नुकतंच काही उरलं नव्हतं, आणि त्या हे मला सांगत होत्या. तुमच्या सगळ्या भाषणांवर त्यांचं हे एक वाक्य भारी आहे, आणि मी ते त्यांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठेव आता, बिल येतंय."

मी कळवलं. चौकशीत योपच्या शेजारी बसले, त्याच्यावर काही येऊ दिलं नाही. आणि त्यानंतर कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं, झालं की घरी ही पद्धत आता बंद करायची. काय गोंधळ झाला म्हणता! डच माणूस आवाज चढवत नाही असं कोण म्हणतं? हेंक, म्हणजे आमच्यातला सगळ्यात जुना, सगळे ज्याचं ऐकतात तो, टेबलावर हात आपटून म्हणाला, "कंपनी माणसं कमी करते, एकेकट्याला राबवते, आणि तू आमच्याच बोकांडी बसतेस?"

त्याचंही खोटं नव्हतं. नेमकं त्याच सुमाराला हेगमध्ये यावर नियम ठरत होता. एकट्या माणसाने शंटिंग करावं, की सोबत दुसरा हवाच? संसदेच्या समितीतले काही जण आमचं यार्ड प्रत्यक्ष बघायला येणार होते. दुसरा माणूस हवा ही तर आमचीच मागणी. हेंक म्हणाला, त्यांच्यासमोर ते घाईचं काढू नकोस, कंपनी म्हणेल चूक यांचीच आहे, आणि दुसरा माणूस गेला बोंबलत. मी सगळ्यांदेखत सांगितलं, आपणहून काढणार नाही, पण कोणी सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही. त्यांना वाटलं कोण विचारतंय!

कंपनीने बैठकीच्या खोलीत पडदा लावून ठेवला होता. कॉफी, बिस्किटं, सगळं सज्ज. मी म्हटलं, आधी यार्डातून एक फेरी मारू. त्या दिवशी तुमची आठवण काढून काढून चालवलं त्यांना! वाऱ्यातून, खडीवरून, जिथे दिवा गेलेला आहे त्या लाइनवरून. त्यांच्यातल्या एका बाईंचा चांगला बूट घोट्यापर्यंत डबक्यात गेला. त्या थांबल्या, बूट झटकला आणि मागे वळून एका डब्याच्या पायरीकडे बघत मला विचारलं, "गाडी थांबायच्या आधीच तुमची माणसं उड्या का मारतात?"

सरळ प्रश्न. मॅनेजर माझ्या एका बाजूला, हेंक दुसऱ्या बाजूला. आणि मी माझ्या आयुष्यात कधी इतकी शांत नव्हते.

मी म्हटलं, "घाई आम्ही करतो, कारण काम आधी संपलं की आम्हाला आधी घरी जाता येतं. ही आमची पद्धत आहे आणि कंपनीला ती ठाऊक आहे. आणि आम्ही एकटे असतो, म्हणून त्या घाईत पडलो तर उचलायला कोणी नसतं. दोन्ही लिहून घ्या. एकच लिहू नका."

बाईंनी लिहून घेतलं, दोन्ही. मॅनेजर पुढे चालायला लागला. हेंक मात्र दिवसभर माझ्याशी बोलला नाही, आणि बोलला तेव्हा म्हणाला, "आपली धुणी चव्हाट्यावर धुतलीस तू." मी म्हटलं, "घरात धुवायला काढली होती, तुम्ही पाणी तोडलंत." ऐकून तो जरासा हसला असावा, पण मिशीत कळत नाही.

पण नुसतं काढून घेऊन कसं चालेल? योपला शुक्रवारी मुलीजवळ असायचं होतं, यात त्याचा गुन्हा काय? तुम्हालाही कधी समीरच्या गॅदरिंगला जावंसं वाटलं असेलच की. तेव्हा मी मॅनेजरच्या मागे लागले. त्यालाही आता खिडकीतून दुसरीकडे बघायची सोय उरली नव्हती, सगळं हेगच्या कानावर गेलेलं. ठराव असा मांडला: वेळेच्या आधी यार्ड कोणी सोडायचं नाही. त्याबदल्यात दर शुक्रवारी पाळीपाळीने एकाने लवकर जायचं, आधी ठरवून, हक्काने, आणि त्याच्या जागी कंपनीने दुसरा माणूस द्यायचा. पळून मिळवलेला वेळ नको, मागून घेतलेला वेळ हवा. मॅनेजरने कुरकुरत मान्य केलं.

मग ती मागच्या आठवड्यातली सभा. आधी ठरावाच्या चिठ्ठ्या उघडल्या. अप्पा, ठराव मंजूर झाला! मोठ्या बहुमताने! मी आनंदाने उभीच राहिले. आणि त्यानंतर लगेच प्रतिनिधीच्या चिठ्ठ्या उघडल्या, तर हेंक निवडून आला आणि मी आपटले. औषध सगळ्यांनी घेतलं आणि वैद्याला दार दाखवलं!

हेंकचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही. ज्या ठरावाला विरोध करून निवडून आला, तोच आता त्याला राबवायचाय. त्याने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

बाहेर सायकलींपाशी योप माझी वाट बघत होता. म्हणाला, "ठरावाला मी हो म्हटलं. तुला मात्र मत नाही दिलं. ते तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून थांबलो." इथली माणसं ही अशी, तोंडावर बोलून मोकळी होतात. मी विचारलं, का रे बाबा? तो पायाने खडी उकरत राहिला. मग म्हणाला, "रोज सकाळी कॉफी घेताना तू दिसलीस की मला तो माझा पाय दिसतो." मी सायकलचं कुलूप काढलं आणि घरी आले. वाटेत रडले, तेही तुम्हाला सांगते. घरी आल्यावर समीरने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "पडलीस ना? अप्पांसारखीच. चल, आज स्वयंपाक मी करतो." त्याच्या तोंडून तुमचं नाव इतक्या मायेने मी पहिल्यांदा ऐकलं. म्हणून तर पेढे आणले! इथल्या सूरीनामी हिंदुस्थानी हलवायाच्या दुकानातून आणले आणि दुसऱ्या दिवशी यार्डात वाटले. इथे ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा असतो, मग हरलेल्याने पेढे आणले तर कुठे बिघडलं?

आता आजचं. आज ठरावानंतरचा पहिला शुक्रवार होता.

शेवटची गाडी जोडून झाली आणि ड्युटी संपायला चांगला वेळ होता. सगळे कॅन्टीनमध्ये जाकिटं घालून बसलेले, घड्याळाकडे बघत, शाळा सुटायची वाट बघणाऱ्या पोरांसारखे. कोणी माझ्याशी बोलेना. हेंक पत्ते पिसत होता. लवकर जायची पहिली पाळी योपची होती, कारण त्याच्या मुलीची आज पोहण्याची परीक्षा. त्याच्या जागेवरचा माणूस आला, हेंकने मान हलवली, योप उठला.

मी खिडकीशी गेले. इमारतीपासून फाटकापर्यंत जायला रूळ ओलांडून जावं लागतं. मी इतकी वर्षं तिथून माणसांना पळतानाच पाहिलंय, बॅग काखोटीला मारून, एक बाही घातलेली, एक लोंबकळतेय. योप रुळांपाशी आला. थांबला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग बॅगेतून एक सफरचंद काढलं, जाकिटाला पुसलं, आणि ते खात खात, सावकाश, एकेक रूळ ओलांडून पलीकडे गेला.

सफरचंद खात गेला अप्पा! वेळ होता त्याच्याजवळ.

माझ्या मागे पत्त्यांचा आवाज थांबला होता. वळून पाहिलं तर सगळे खिडकीतून तेच बघत होते, हेंकसुद्धा. हेंकने पत्ते वाटताना एक डाव माझ्यापुढेही टाकला, आणि मी खुर्ची ओढून बसले.

सोमवारी हेंकची पहिली यार्डफेरी आहे. मी त्याच्याबरोबर जाणार, त्याने बोलावलंय. हेगचा नियम अजून अडकलेला आहे, तिथलं दळण सावकाश चालतं, पण त्या बाईंना मी गप्प बसू देणार नाही. आणि तुम्हाला माझा शब्द: पुढची निवडणूक लागली की मी पुन्हा उभी राहणार. पुन्हा निवडून आले तर काम करीन. आणि पुन्हा पडायची वेळ आली, तर अशाच एखाद्या सफरचंदासाठी पडेन, त्याहून कमी कशासाठी नाही.

तुमची सून आणि शागीर्द,
वैशाली